संगणकाशिवाय हिशेब ठेवणारे यंत्र : एका जुन्या पिनबॉलची गोष्ट



उन्हाळी सुट्टी लागण्याआधीच्या एका रविवारी सकाळी आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत नववीचे विद्यार्थी जमले होते. अमेरिकेत न्यू जर्सी येथे राहणारे आपले एक माजी विद्यार्थी व्हिडिओ कॉलवर आमच्याशी बोलत होते. आपल्याकडे सकाळ, त्यांच्याकडे आदल्या दिवशीची रात्र. त्यांनी एक जुने, बंद पडलेले पिनबॉलचे यंत्र विकत घेऊन घरीच दुरुस्त केले होते आणि ते मुलांना दाखवायचे होते.

यंत्राचे नाव ‘सर्फ चॅम्प’. शिकागोच्या गॉटलिब कंपनीने ते १९७६ साली बनवले. मागच्या उभ्या काचेवर समुद्राच्या उंच लाटा आणि त्यांवर फळीवरून घसरणारे खेळाडू रंगवलेले. समोर काचेखाली उतरता पाट आणि त्यावर धावणारी पोलादी गोळी. गोळी कशावर आदळली की घंटा वाजते, दिवे लागतात, गुणांची चाके फिरतात. चार खेळाडू पाळीपाळीने खेळू शकतात. यंत्र प्रत्येकाचे गुण वेगळे ठेवते, कितवी गोळी चालू आहे हे लक्षात ठेवते आणि कोणी यंत्राला जास्त धक्के मारले तर त्याला शिक्षाही करते.

हे सर्व पाहून एका विद्यार्थिनीने विचारले, “दादा, यातला कॉम्प्युटर कुठे बसवलाय?”

त्यांनी पाट वर उचलून खालची बाजू दाखवली. शेकडो तारा, तांब्याची वेटोळी, धातूची पाती आणि एक छोटी मोटर. बस्स. “कॉम्प्युटर नाहीच,” ते म्हणाले. मुले गप्प झाली. मग हे यंत्र मोजते कसे? लक्षात कसे ठेवते? त्या दिवशी वेळ अपुरा पडला, म्हणून त्या प्रश्नांची उत्तरे आम्ही येथे सविस्तर देत आहोत.

बगाटेलपासून पिनबॉलपर्यंत

आपल्यापैकी पुष्कळ पालकांच्या घरी लहानपणी बगाटेल असेल. लाकडी फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, स्टीलच्या गोळ्या आणि कोपऱ्यात गोळी मारायचा दांडा. मे महिन्याच्या दुपारी भावंडांनी त्यावर भांडायचे, हा ठरलेला कार्यक्रम. पिनबॉल हे या बगाटेलचेच वाढलेले रूप आहे. ‘पिन’ म्हणजे तेच खिळे.

बगाटेल मूळचे फ्रान्सचे, अठराव्या शतकातले. त्या काळी गोळी काठीने ढकलत. १८७१ साली अमेरिकेत सिनसिनाटी येथील माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी स्प्रिंगच्या दांड्याच्या सुधारणेचे पेटंट घेतले. १९३१ साली डेव्हिड गॉटलिब यांनी ‘बॅफल बॉल’ नावाचे टेबलावर ठेवायचे यंत्र काढले. तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. एका पेनीत थोडा वेळ मन रमवणारा हा खेळ लोकांना परवडला आणि तो झपाट्याने पसरला. १९३३ साली हॅरी विल्यम्स यांच्या ‘काँटॅक्ट’ या यंत्रात वीज आली. पुढे १९३६ च्या अखेरीस बॅली कंपनीच्या ‘बंपर’ या यंत्रात गोळी स्प्रिंगवर आदळली की विजेने गुण मोजले जाऊ लागले. तेथून पुढची सुमारे चाळीस वर्षे वीज आणि यंत्र यांच्या जोडीवर चालणाऱ्या पिनबॉलची. ‘सर्फ चॅम्प’ हे त्या परंपरेतले अगदी शेवटच्या काळातले अपत्य.

समुद्राच्या चित्राविषयीही थोडे सांगायला हवे. शिकागोला महासागर नाही, तेथे मिशिगन सरोवर आहे. तरीही तेथले चित्रकार लाटा, वाळू आणि जहाजे रंगवत, कारण सुट्टीत माणसाला जे हवेसे वाटते ते काचेवर दिसले की पावले यंत्राकडे वळतात. समुद्र पाहायला लांबचा प्रवास करणाऱ्या आपल्या इंदूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गंमत अशी की याच कंपनीने त्याच वर्षी ‘सर्फर’ नावाचे दोन खेळाडूंचे भावंड-यंत्रही काढले. चित्र हा कपडा, खरा जीव काचेमागच्या तारांत.

रिले : या यंत्राचा मुख्य कामगार

दहावीच्या मुलांनी विद्युतचुंबकाचा धडा आठवावा. तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहिली की आतला लोखंडी गाभा चुंबक बनतो, वीज थांबली की चुंबकत्व जाते. या वेटोळ्यासमोर एक लोखंडी पट्टी ठेवली आणि त्या पट्टीला पितळेसारख्या धातूची लवचिक पाती जोडली, की वीज येताच पट्टी ओढली जाते आणि पात्यांच्या टोकांचे संपर्कबिंदू जुळतात किंवा सुटतात. यालाच रिले म्हणतात. म्हणजे रिले हा असा बटणस्विच, की जो माणसाच्या बोटाऐवजी दुसऱ्या एखाद्या परिपथातली वीज दाबते.

आता लक्षात ठेवण्याची युक्ती पाहा. रिलेच्या स्वतःच्याच एका संपर्कबिंदूतून त्याच्या वेटोळ्याला वीज मिळेल अशी जोडणी करायची. गोळी एखाद्या निशाण्यावर क्षणभर आदळली. त्या क्षणी रिले ओढला गेला. गोळी पुढे निघून गेली, पण रिले आता स्वतःच स्वतःला धरून बसला आहे. कोणी त्याची वीज तोडेपर्यंत तो सुटणार नाही. “निशाणा लागला होता” ही गोष्ट यंत्राच्या लक्षात राहिली! उपरण्याला गाठ मारून ठेवणाऱ्या आपल्या आजोबांची आठवण व्हावी अशीच ही सोय.

निर्णय घेणेही याच पात्यांवर चालते. दोन संपर्क एकसर जोडणीत असतील तर दोन्ही जुळल्याशिवाय वीज पुढे जात नाही. हा झाला ‘आणि’. बंपरचा दिवा लागलेला आहे आणि गोळी त्याला लागली, तरच जास्त गुण. दोन संपर्क समांतर जोडणीत असतील तर कोणताही एक जुळला तरी पुरे. हा झाला ‘किंवा’. डावा निशाणा लागला किंवा उजवा लागला, गुण तेवढेच. एकसर-समांतर जोडणीची गणिते सोडवताना “याचा उपयोग काय?” असे विचारणाऱ्यांना हे उत्तर.

क्लॉड शॅनन या तरुण अभियंत्याने १९३७ साली आपल्या पदव्युत्तर प्रबंधात हेच दाखवून दिले की स्विच आणि रिले यांच्या जोडण्या म्हणजे तर्कशास्त्रातले बीजगणितच होय. आजचा संगणक त्याच पायावर उभा आहे. फरक एवढाच की आता रिलेची जागा डोळ्यांना न दिसणाऱ्या ट्रान्झिस्टरांनी घेतली आहे. म्हणून ‘सर्फ चॅम्प’मध्ये संगणक नाही हे खरे, पण संगणकाचा विचार आहे, आणि तो डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो.

हातच्याची बेरीज

गुण दाखवणारी चाके जुन्या वीजमीटरमधल्या चाकांसारखी. प्रत्येकावर ० ते ९ आकडे. प्रत्येक चाकाला स्वतःचे वेटोळे. विजेचा एक झटका आला की चाक एक घर पुढे सरकते. एककाचे चाक ९ वर असेल तर त्याच्या आसाजवळचा एक संपर्क जुळलेला असतो. त्यामुळे पुढचा झटका आला की ते चाक ० वर जाते आणि शेजारच्या चाकालाही एक झटका मिळतो. दुसरीच्या वर्गात शिकलेला ‘हातचा एक’ तो हाच!

पण एकदम ५०० गुण मिळाले तर? शंभराच्या चाकाला पाच झटके द्यायला हवेत, आणि गोळी तर एकदाच आदळली. येथे मोटर उपयोगी पडते. मोटरच्या आसावर खाचा आणि उंचवटे असलेल्या चकत्या असतात. मोटर थोडी फिरली की उंचवटे एकामागून एक पाती दाबतात आणि बरोबर पाच झटके निघतात. खेळणाऱ्याला ठण-ठण-ठण-ठण-ठण असा पाच वेळा आवाज ऐकू येतो.

आपल्या इंदूरच्या मुलांना ही कल्पना परकी नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांच्या झांक्या आपण पाहतो. गिरण्या बंद पडल्या, तरी कामगारांनी ही परंपरा सोडली नाही. पूर्वी रोषणाईचे दिवे पळताना दिसावेत म्हणून मोटरवर फिरणारा रूळ बसवत आणि त्यावरच्या पितळी पट्ट्या दिव्यांना पाळीपाळीने वीज देत. पिनबॉलची मोटर त्याच कुळातली.

फ्लिपर आणि टिल्ट

गोळी खाली घरंगळत आली की बाजूची बटणे दाबून तिला परत वर मारायचे, त्या दोन छोट्या दांड्यांना फ्लिपर म्हणतात. यातही एक सुंदर क्लृप्ती आहे. गोळी जोरात उडवायची तर वेटोळ्यातून भरपूर वीज वाहायला हवी. पण खेळाडू बटण दाबूनच उभा राहिला तर तेवढ्या विजेने वेटोळे जळेल. म्हणून फ्लिपरला दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, कमी रोधाचे, फटका मारण्यासाठी. दुसरे बारीक तारेचे, जास्त रोधाचे, नुसते धरून ठेवण्यासाठी. फ्लिपर पूर्ण उचलला गेला की तो स्वतःच शेवटी एक संपर्क सोडवतो. मग वीज दोन्ही वेटोळ्यांतून एकसर वाहू लागते, एकूण रोध वाढतो, प्रवाह कमी होतो आणि वेटोळे तापत नाही. ओहमचा नियम येथे तुम्हांला पहाऱ्यावर उभा दिसेल.

काही खेळाडू यंत्रच उचलून गोळी हवी तिकडे नेऊ पाहतात. त्यांच्यासाठी आत एक लंबक टांगलेला असतो आणि त्याच्याभोवती धातूचे कडे. यंत्र जास्त हलले की लंबक कड्याला टेकतो, परिपथ पूर्ण होतो आणि ‘टिल्ट’ची पाटी उजळते. फ्लिपर निर्जीव होतात, गोळी गेली. मात्र हलकासा धक्का चालतो. किती चालेल, हे ओळखणे हाही कौशल्याचा भाग.

नशीब की कौशल्य?

पालकांच्या मनात आता एक शंका आली असेल. नाणे टाकून खेळायचा खेळ, म्हणजे जुगारच ना? ही शंका न्यूयॉर्कच्या महापौरांनाही आली होती. फियोरेल्लो ला गार्डिया यांनी १९४२ साली त्या शहरात पिनबॉलवर बंदी घातली. शाळकरी मुलांच्या खिशातली नाणी या यंत्रांत जातात, असे त्यांचे म्हणणे होते. पोलिसांनी यंत्रे जप्त केली, महापौरांनी स्वतः घण घेऊन ती फोडल्याची छायाचित्रे छापून आली. आम्हांला त्यांचा राग समजतो. त्या काळच्या यंत्रांना फ्लिपर नव्हते. गोळी सोडली की थोडेबहुत धक्के देण्यापलीकडे खेळाडूच्या हातात फारसे काही नसे, आणि काही यंत्रे खरोखरच पैसे परत देत. तो जुगाराच्या जवळचाच प्रकार होता.

चित्र बदलले ते १९४७ साली. गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात हॅरी मॅब्ज यांनी सहा फ्लिपर बसवले. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी ‘ट्रिपल अ‍ॅक्शन’ या यंत्रात दोनच फ्लिपर ठेवले, तेही तळाशी, आणि तीच रचना पुढे रूढ झाली. आता खेळाडूला नजर, अंदाज आणि सराव यांच्या बळावर गोळी खेळवता येऊ लागली. खेळ बदलला, पण न्यूयॉर्कचा कायदा तसाच राहिला. तीसहून अधिक वर्षे!

शेवटी १९७६ साली शहराच्या प्रतिनिधींसमोर सुनावणी झाली. रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाने तेथे पिनबॉल खेळून दाखवला. गोळी सोडण्याआधीच त्याने सांगितले की ती वरच्या मधल्या मार्गानेच जाईल. त्याने दांडा अंदाजाने ओढून सोडला आणि गोळी खरोखर मधूनच गेली. हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, हे प्रतिनिधींना पटले आणि बंदी उठली.

योगायोग पाहा. ज्या वर्षी पिनबॉलची निर्दोष सुटका झाली, त्याच वर्षी ‘सर्फ चॅम्प’ कारखान्यातून बाहेर पडले, आणि त्याच सुमारास मायक्रोप्रोसेसर पिनबॉलमध्ये शिरू लागला होता. १९७७ साली गॉटलिबनेही ‘क्लिओपात्रा’ हे इलेक्ट्रॉनिक यंत्र आणले. थोड्याच वर्षांत रिले, चकत्या आणि आकड्यांची चाके कालबाह्य झाली. नवी यंत्रे जास्त करामती करत, हे खरे. पण पाट उचलून मुलाला “हे बघ, हातचा असा जातो” असे दाखवण्याची सोय संपली.

तीन रविवार आणि कागदाचा एक तुकडा

आता आपल्या माजी विद्यार्थ्याच्या यंत्राकडे वळू. त्यांनी ते घेतले तेव्हा एकच तक्रार होती. खेळ सुरू करायचे बटण दाबले की मोटर फिरू लागे, गुणांची सर्व चाके शून्यावर येत, पण मोटर थांबतच नसे आणि गोळी मिळत नसे. विकणाऱ्याच्या मते यंत्र भंगारात काढण्याजोगे होते.

त्यांनी काय केले? पहिला रविवार फक्त परिपथाचा नकाशा वाचण्यात घालवला. सुरुवातीला मोटर कोणाच्या आज्ञेने फिरते? रिसेटच्या रिलेच्या. त्या रिलेला वीज कोठून मिळते? गुणांच्या चाकांजवळच्या संपर्कांतून. चाक शून्यावर आले की त्याचा संपर्क सुटायला हवा. सगळे संपर्क सुटले की रिले सुटेल आणि मोटर थांबेल. म्हणजे डोळ्यांना सगळी चाके शून्यावर दिसत असली तरी एखादा संपर्क “मी अजून शून्यावर नाही” असे खोटेच सांगत असणार. पण चार खेळाडूंची मिळून चाके पुष्कळ. खोटे बोलणारा कोणता?

दुसऱ्या रविवारी त्यांनी जाड कागदाचा एक तुकडा घेतला. वीज बंद करायची, एका चाकाच्या संपर्कबिंदूंमध्ये कागद सरकवायचा, वीज लावून पाहायचे. कागदातून वीज जात नाही, म्हणजे तो संपर्क सुटल्यासारखाच. मोटर थांबली नाही तर पुन्हा वीज बंद करून पुढचे चाक. तिसऱ्या रविवारी, तिसऱ्या खेळाडूच्या एका चाकापाशी कागद सरकवला आणि मोटर थांबली. पाहतात तर एक पाते केसभर वाकलेले! ते सरळ केले, संपर्कबिंदू पुसले, आणि पन्नास वर्षांपूर्वीचे यंत्र ठणठणत जागे झाले. खर्च शून्य.

ही गोष्ट ऐकताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्यांनी शेवटी सांगितले ते आम्हांला फार मोलाचे वाटले. ते म्हणाले, “नकाशा वाचायला मी याच खोलीत शिकलो. सरांनी आम्हांला शाळेची विद्युतघंटा उघडून दिली होती आणि ती पुन्हा जोडल्याशिवाय घरी सोडले नव्हते.”

आमची विनंती

ती विद्युतघंटा आजही प्रयोगशाळेच्या मागच्या कपाटात आहे. तिच्याबरोबर दोन जुने रिले, एक उघडा गॅल्व्हनोमीटर आणि आकड्यांच्या चाकांचा एक बंद मीटरही आहे. जागा मोकळी करण्यासाठी हे सामान भंगारात देण्याचा विचार चालू असल्याचे आम्ही ऐकतो. विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती आहे की हे कपाट तसेच राहू द्यावे. संगणक कक्ष हवाच, त्याविषयी दुमत नाही. पण संगणकाच्या आत काय चालते ते मुलांना डोळ्यांनी दिसत नाही. घंटेच्या आत दिसते. आधी दिसणारे समजले, की न दिसणारे समजायला वेळ लागत नाही.

पालकांनाही एक विनंती. घरातली बंद पडलेली घड्याळे, खेळणी, दारावरच्या जुन्या घंटा टाकून न देता शाळेत पाठवाव्यात. जूनपासून दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी शिक्षकांच्या देखरेखीखाली त्या उघडून पाहण्याचा उपक्रम आम्ही सुरू करत आहोत. विद्यार्थ्यांना मात्र बजावून सांगतो की घरच्या विजेवर चालणारी कोणतीही वस्तू मोठ्यांशिवाय उघडायची नाही. पिनबॉलच्या आतले बहुतेक काम रोहित्राने उतरवलेल्या सुमारे २५ व्होल्टवर चालते, तरीही आपल्या माजी विद्यार्थ्याने आत हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी आधी प्लग काढला होता.

पहिल्या शनिवारी काय उघडायचे, हे नववीच्या मुलांनी आधीच ठरवले आहे. अर्थात विद्युतघंटा! आणि जुना नियम कायम आहे. पुन्हा जोडून ती वाजल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही.